ट्रू म्हणजे नक्की कशाला हो? बूलियन पॅरामीटरला नाव देताना

(या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना कोडच्या ओळी डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून इथे त्या वेगळ्या दिल्या आहेत. कोड जसा बोललो तसाच देवनागरीत लिहिलाय. टाइप करताना अर्थात इंग्रजीतच करा.)

हेडफोन लावलेत ना? चला तर मग.

आजचा विषय छोटा आहे. इतका छोटा की तो वेगळा कुणी शिकवत नाही. पण कोड लिहायला लागलात की रोज भेटतो. थेट एका ओळीपासून सुरू करू:

सेंड_बिल(कस्टमर्स, फॉल्स, ट्रू)

सांगा, इथे काय होणार? बिल पाठवायचंय आणि ग्राहकांना पाठवायचंय, इथपर्यंत कळलं. पुढे कुणीतरी "नाही" म्हटलंय आणि मग "हो" म्हटलंय. कशाला नाही? आणि कशाला हो? या ओळीत उत्तरं आहेत, प्रश्न गायब आहेत.

ट्रेनमध्ये शेजारचा माणूस फोनवर नुसतं "नाही... हो... हो हो, चालेल" म्हणत असतो ना, तसं झालं हे. पलीकडून काय विचारलं जातंय ते आपल्याला ऐकूच येत नाही.

आता फंक्शन जिथे लिहिलंय तिथे जाऊन बघू:

डेफ सेंड_बिल(कस्टमर्स, सेंड_एसएमएस, ड्राय_रन)

अच्छा! म्हणजे पहिला प्रश्न होता, "एसएमएस पाठवू का?" दुसरा होता, "ही फक्त रंगीत तालीम आहे का?" ड्राय रन म्हणजे तालीमच. सगळी आकडेमोड होते, पण खरं बिल कुणालाही जात नाही. म्हणजे वरच्या ओळीचा अर्थ झाला: एसएमएस नको, आणि ही फक्त तालीम.

आता समजा घाईत कुणी या दोन किमतींची अदलाबदल केली:

सेंड_बिल(कस्टमर्स, ट्रू, फॉल्स)

झालं! खरी बिलं गेली, वर प्रत्येकाला एसएमएससुद्धा गेला. आणि गंमत म्हणजे प्रोग्राम काहीच तक्रार करत नाही. आकड्याच्या जागी नाव दिलं तर टाइप तपासणारा कंपायलर ओरडतो. इथे दोन्ही बूलियन आहेत, त्याच्या दृष्टीने दोन्ही ओळी सारख्याच बरोबर. चूक पकडायची जबाबदारी पूर्णपणे वाचणाऱ्या माणसावर आहे, आणि त्याच्यासमोर फक्त "हो" आणि "नाही" आहे.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: बूलियन पॅरामीटर म्हणजे हो-नाहीचा एक प्रश्न. त्याचं नाव म्हणजे तो प्रश्न. आणि जिथे उत्तर लिहिलंय, तिथेच प्रश्नही दिसला पाहिजे.

नाव वाचलं कुठे जातं?

आपण नाव देतो फंक्शनच्या व्याख्येत. पण लोक ते वाचतात फंक्शन जिथे वापरलंय तिथे. व्याख्या एकदाच लिहिली जाते, कॉल शंभर ठिकाणी असतात.

तुम्ही म्हणाल, "एडिटरमध्ये माउस नेला की नाव दिसतं की!" दिसतं, खरंय. काही एडिटर तर पॅरामीटरचं नाव करड्या अक्षरात आपोआप दाखवतात. पण कोड फक्त एडिटरमध्ये वाचला जात नाही. कुणीतरी चॅटवर स्क्रीनशॉट टाकतो. कुणी बसमध्ये फोनवर पुल रिक्वेस्ट वाचत असतो. फोनवर माउस कुठे न्यायचा? ओळ जशी आहे तशीच वाचावी लागते.

याचं एक गाजलेलं उदाहरण क्यूट या सी प्लस प्लसच्या लायब्ररीतलं आहे. डेस्कटॉपवरच्या खिडक्या, बटणं वगैरे बनवायला ती वापरतात. तिच्या जुन्या आवृत्तीत असं लिहिता यायचं:

विजेट.रिपेंट(फॉल्स)

नवीन माणूस हे कसं वाचेल? "पुन्हा रंगवू नकोस." मग फंक्शन बोलावलंच कशाला? खरा अर्थ वेगळा होता. पॅरामीटरचं नाव होतं इरेज, म्हणजे "रंगवण्याआधी मागचं पुसून घेऊ का?" तेव्हा रिपेंट फॉल्स म्हणजे "पुन्हा रंगव, पण आधी पुसू नकोस." नाव वाईट नव्हतं. फक्त ते कॉलमध्ये दिसत नव्हतं, त्यामुळे वाचणारा तो "नाही" जवळच्या क्रियापदाला, म्हणजे रिपेंटला चिकटवायचा. क्यूटच्या टीममधल्या माथियास एट्रिख यांनी लायब्ररी कशी घडवावी यावर लिहिताना याला बूलियन पॅरामीटरचा सापळा म्हटलं. क्यूटच्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी तो पर्यायच काढून टाकला.

पीएचपी लिहिणाऱ्यांना याचा एक भाऊ ओळखीचा असेल:

जेसन_डीकोड(टेक्स्ट, ट्रू)

हे ट्रू म्हणजे काय? डीकोड करायचं? ते तर करायचंच आहे. इथे विचारलंय, "ऑब्जेक्टऐवजी असोसिएटिव्ह ॲरे देऊ का?" कितीतरी जण ही ओळ पाठ करतात आणि ट्रू कशासाठी आहे ते न समजताच वर्षानुवर्षं वापरतात.

भाषा मदत करतात, ती घ्या

आता उपाय. बऱ्याच भाषांमध्ये पॅरामीटरचं नाव कॉलमध्येच लिहिता येतं:

सेंड_बिल(कस्टमर्स, सेंड_एसएमएस=फॉल्स, ड्राय_रन=ट्रू)

बस! प्रश्न आणि उत्तर शेजारी आले. जागा बदलल्या तरी अर्थ बदलत नाही. आणि स्क्रीनशॉटमध्येही कळतं.

पायथनमध्ये तर अशी सक्ती करता येते. व्याख्येत पॅरामीटरच्या यादीत मध्ये एकटा स्टार टाकायचा:

डेफ सेंड_बिल(कस्टमर्स, *, सेंड_एसएमएस=फॉल्स, ड्राय_रन=फॉल्स)

स्टारच्या पुढचं सगळं नाव घेऊनच द्यावं लागतं. नुसतं ट्रू दिलंत तर एरर. ही सोय पायथन ३.० पासून, म्हणजे २००८ पासून आहे. पायथनचं स्वतःचं सॉर्टेड हे फंक्शनसुद्धा आता तसंच चालतं: रिव्हर्स=ट्रू असं पूर्ण लिहावंच लागतं.

फ्लटर शिकत असाल तर तुम्ही हे रोज करताय. पासवर्डच्या जागी टिंबं दाखवायची तर टेक्स्टफील्डमध्ये लिहिता, ऑब्स्क्युअरटेक्स्ट: ट्रू. डार्टच्या अधिकृत मार्गदर्शनात तर नाव न घेता नुसतं ट्रू-फॉल्स देणं टाळा असंच सांगितलंय, आणि ते पकडणारा लिंटचा नियमही आहे. स्विफ्ट आणि कॉटलिनमध्येही नाव देता येतं. पीएचपीमध्ये ८.० पासून, म्हणजे २०२० पासून, वरची ओळ जेसन_डीकोड(टेक्स्ट, असोसिएटिव्ह: ट्रू) अशी लिहिता येते.

जावास्क्रिप्टमध्ये ही सोय थेट नाही, पण महिरपी कंसातला ऑब्जेक्ट दिला की काम होतं. सी प्लस प्लसवाले कॉलमध्ये किमतीच्या आधी कॉमेंटमध्ये नाव लिहितात; क्लँग-टायडी नावाचं टूल ते नाव खऱ्या नावाशी जुळतं का हेही तपासतं.

आणि जावा? तिथे सगळ्यात सोपा मार्ग जावानेच दाखवलाय. दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का हे बघायला इक्वल्स आहे. लहान-मोठी अक्षरं सारखी धरायची असतील तर इक्वल्सइग्नोरकेस आहे. इक्वल्स(दुसरी, ट्रू) असं केलं नाही, दोन फंक्शनं केली. जेव्हा ट्रू आणि फॉल्स मिळून प्रत्यक्षात दोन वेगळी कामं होतात, तेव्हा दोन नावं देणं कधीही बरं.

एक इशारा मात्र आहे. लोक नाव घेऊन कॉल करायला लागले की ते नाव तुमच्या एकट्याचं राहत नाही. उद्या तुम्ही सेंड_एसएमएसचं नोटिफाय केलंत, तर ते वापरणाऱ्या सगळ्यांचा कोड तुटेल. म्हणून नाव पहिल्याच दिवशी नीट विचार करून ठेवा.

चांगला प्रश्न कसा विचारायचा?

आता नावाकडेच येऊ. सगळ्यात जास्त दिसणारी वाईट नावं कोणती? फ्लॅग, मोड, चेक, स्टेटस, ऑप्शन. चेक=ट्रू. काय चेक? कशाचं? चेक केलंय की करायचंय? नाव आहे, पण प्रश्न अजूनही गायब.

आणखी एक लाडकं नाव म्हणजे फोर्स. फोर्स=ट्रू. जबरदस्ती कशाची? जुनी फाइल पुसायची? "खात्री आहे का?" हा प्रश्न विचारायचा नाही? परवानगी नसली तरी पुढे जायचं? जे करायचंय ते स्पष्ट लिहा: ओव्हरराइट_एक्झिस्टिंग, किंवा स्किप_कन्फर्मेशन. नाव लांब झालं तरी चालेल. टाइप एडिटर करतो, वाचायचं माणसाला असतं.

चांगल्या नावाचा एक नमुना पायथनमध्येच आहे. नवीन फोल्डर बनवणाऱ्या मेकडर्स या फंक्शनला एक्झिस्ट_ओके नावाचा पॅरामीटर आहे. मराठीत म्हणायचं तर "आधीपासून असेल तरी चालेल." ट्रू दिलं की काय होईल हे डॉक्युमेंटेशन न उघडता कळतं.

दुसरी गोष्ट, प्रश्न सरळ विचारा. आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. आई विचारते, "चहा नको ना तुला?" तुम्ही म्हणता, "हो." आता चहा येणार की नाही? तुमच्या मनात "हो, नको" असतं. पलीकडे कधी कधी "हो, दे" ऐकू जातं. समोरासमोर असतो म्हणून निभावतं, लगेच पुन्हा विचारता येतं. कोड पुन्हा विचारत नाही.

डिसेबल_व्हेरिफिकेशन=फॉल्स

"तपासणी बंद करणं, नको." म्हणजे तपासणी होणार. डोक्यात दोनदा उलटं करावं लागलं. तेच व्हेरिफाय=ट्रू लिहिलं की झालं. पायथनच्या रिक्वेस्ट्स या लायब्ररीत नेमकं हेच नाव आहे आणि काही न सांगितल्यास ते ट्रूच असतं. हा दुसरा भागही महत्त्वाचा. कुणी उत्तरच दिलं नाही, तर जे होईल ते सुरक्षित असलं पाहिजे. आपल्या सेंड_बिलमध्ये आता काही न दिल्यास ड्राय_रन फॉल्स आहे, म्हणजे विसरलात तर खरी बिलं जातील. मग प्रश्नच फिरवा: सेंड_फॉर_रिअल=फॉल्स. आता विसरलात तर फक्त तालीम होईल.

तिसरी गोष्ट, दिशा. पायथनचं सॉर्टेड विचारतं, "रिव्हर्स?" डेटासाठी वापरतो ती पांडाज लायब्ररी विचारते, "असेंडिंग?" मोठ्याकडून लहानाकडे यादी हवी असेल तर एकीकडे रिव्हर्स=ट्रू आणि दुसरीकडे असेंडिंग=फॉल्स. काम एकच, उत्तरं उलटी! दोन्ही नावं आपापल्या जागी ठीक आहेत. पण तुमच्या एकाच प्रोजेक्टमध्ये एकाच गोष्टीसाठी असे दोन उलटे प्रश्न ठेवू नका.

प्रश्न खरंच हो-नाहीचा आहे का?

आता आजची सगळ्यात गंभीर गोष्ट. इथे चूक झाली की नुसता गोंधळ होत नाही, पैशांशी आणि सुरक्षेशी गाठ पडते.

कर्ल नावाची लायब्ररी इंटरनेटवर प्रचंड वापरली जाते. एका सर्व्हरने दुसऱ्याशी बोलायचं असेल, उदाहरणार्थ एखाद्या दुकानाच्या वेबसाइटने पेमेंट सेवेशी, तर तिथे बऱ्याचदा कर्ल असते. सुरक्षित कनेक्शन करताना दोन तपासण्या लागतात. पहिली, समोरच्याचं सर्टिफिकेट खरं आहे का? दुसरी, ते सर्टिफिकेट आपल्याला हव्या त्याच वेबसाइटच्या नावाचं आहे का? ओळखपत्रासारखंच आहे हे. कार्ड अस्सल असणं वेगळं आणि ते समोरच्याच माणसाचं असणं वेगळं.

कर्लमध्ये या दोन तपासण्यांचे दोन पर्याय आहेत: व्हेरिफायपीअर आणि व्हेरिफायहोस्ट. नावं जुळ्या भावांसारखी, दोन्ही हो-नाहीच्या प्रश्नासारखी. पहिला खरंच हो-नाहीचा आहे. दुसऱ्याला मात्र तीन उत्तरं होती. ० म्हणजे तपासू नकोस. १ म्हणजे सर्टिफिकेटवर काहीतरी नाव आहे एवढंच बघ. २ म्हणजे ते नाव जुळतंय का ते बघ. आणि काहीच दिलं नाही तर २.

आता पीएचपी लिहिणारा एखादा काळजीवाहू प्रोग्रामर विचार करतो, सुरक्षा हवीच, मी स्वतःच सांगून टाकतो:

व्हेरिफायहोस्ट, ट्रू

पीएचपीमध्ये ट्रूचा आकडा होतो १. म्हणजे नाव जुळतंय का ही तपासणी बंद! काहीच लिहिलं नसतं तर तो सुरक्षित होता. काळजी घ्यायला गेला आणि दार उघडं राहिलं. मधे बसलेला कुणीही स्वतःच्या वेबसाइटचं अस्सल सर्टिफिकेट दाखवून आत शिरू शकला असता.

ही कल्पना नाही. २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठ, ऑस्टिन आणि स्टॅनफर्ड इथल्या संशोधकांनी यावर एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या नावाचा अर्थच "जगातला सर्वांत धोकादायक कोड" असा होतो. त्यात नामांकित पेमेंट सेवांच्या कोडमध्ये त्यांना हीच चूक सापडली. त्याच वर्षी कर्लच्या ७.२८.१ आवृत्तीत १ हे उत्तर स्वीकारणं बंद झालं आणि ते दिलं की एरर यायला लागली. पुढे २०१९ मध्ये ७.६६.० आवृत्तीपासून १ आणि २ यांचा अर्थ एकच केला. म्हणजे शेवटी लायब्ररीच लोकांच्या समजुतीकडे सरकली.

धडा काय? नाव हो-नाहीचं वाटत असेल, तर उत्तरंही दोनच हवीत. आणि तीन उत्तरं शक्य असतील, तर तो बूलियन नाहीच. त्याला एनम द्या, म्हणजे नाव असलेले पर्याय: चेक_नन, चेक_प्रेझेंट, चेक_मॅच. यात चुकून ट्रू टाकता येणार नाही.

तसंच, आज दोन उत्तरं असलेला प्रश्न उद्या वाढू शकतो. ब्राउझरमधल्या ॲडइव्हेंटलिसनरचा तिसरा पॅरामीटर आधी नुसता बूलियन होता. पुढे आणखी गोष्टी विचारायची वेळ आली: एकदाच ऐकायचं का, फोनवर स्क्रोल अडवणार नाही असं वचन देता का. मग त्याच जागी ऑब्जेक्ट आणावा लागला, ज्यात कॅप्चर, वन्स, पॅसिव्ह अशी नावं आहेत. पण जुने ब्राउझर त्या ऑब्जेक्टलाच "ट्रू" समजायचे! त्यामुळे ब्राउझरला नवीन पद्धत कळते का, हे आधी तपासण्याचा उद्योग डेव्हलपरच्या मागे लागला.

डॉक्युमेंटेशनमध्ये काय लिहायचं?

नाव चांगलं असलं तरी थोडी माहिती लिहावी लागते. नेहमी दिसणारी ओळ ही:

ओव्हरराइट: ओव्हरराइट करायचं की नाही.

यातून नवीन काय कळलं? शून्य. आता हे वाचा:

ओव्हरराइट: ट्रू असेल तर त्याच नावाची जुनी फाइल पुसून नवीन लिहिली जाते. फॉल्स असेल तर जुनी फाइल तशीच राहते आणि एरर येते. काही न दिल्यास फॉल्स.

तीन वाक्यं: हो म्हटलं तर काय, नाही म्हटलं तर काय, गप्प बसलं तर काय. बघा, सगळ्यात उपयोगी माहिती दुसऱ्या वाक्यात आहे. "नाही" म्हटल्यावर एरर येईल, की काम गुपचूप सोडून दिलं जाईल, की नवीन नावाने दुसरी फाइल तयार होईल? हे नावावरून कधीच कळणार नाही. गुगलच्या डेव्हलपर स्टाइल गाइडमध्येही, पॅरामीटर काही कृती करायला सांगत असेल तर ट्रू असेल तर काय आणि फॉल्स असेल तर काय, असं दोन्ही बाजूंनी लिहायला सांगितलंय.

हे लिहायला बसलात की एक फायदा आपोआप होतो. फॉल्सचं वाक्य सुचत नसेल, किंवा त्यात तीन-तीन "पण" येत असतील, तर समजा प्रश्नच नीट विचारलेला नाही. मग डॉक्युमेंटेशन लांबवू नका, पॅरामीटर बदला.

आज काय कराल?

लगेच सगळा प्रोजेक्ट उलथापालथ करू नका. आधी तुमच्या कोडमध्ये कंसात नुसतं ट्रू किंवा फॉल्स कुठे आहे ते शोधा. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा, शेजारच्याला ऐकू जाईल अशी. "कशाला हो?" असं त्याने विचारलं, की ती ओळ दुरुस्तीला आली.

दुरुस्तीचा क्रम सोपा आहे. भाषा परवानगी देत असेल तर कॉलमध्ये नाव लिहा. यात काहीच मोडत नाही. नाव संदिग्ध असेल तर बदला. नाव उलटं असेल तर सरळ करा, पण तेव्हा प्रत्येक कॉलमधलं उत्तरही उलटवायला विसरू नका. ट्रू आणि फॉल्समध्ये दोन वेगळी कामं होत असतील तर दोन फंक्शनं करा. आणि एकाच फंक्शनला तीन बूलियन असतील तर थोडं थांबा. तीन हो-नाही म्हणजे आठ शक्यता. त्या आठही तुम्ही तपासल्या आहेत का? ड्राफ्ट=ट्रू आणि पब्लिश्ड=ट्रू असं एकाच वेळी कुणी दिलं तर काय होईल? उत्तर नसेल, तर तिथेही एनमच हवा.

सगळ्याच ठिकाणी एवढं करायची गरज नाही, हेही सांगतो. सेट_व्हिजिबल(ट्रू) किंवा सेट_एनेबल्ड(फॉल्स) यात एकच पॅरामीटर आहे आणि प्रश्न फंक्शनच्या नावातच आहे. ते बिनधास्त ठेवा.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःच्या कोडमधली अशी एक ओळ शोधा आणि तिला तिचा प्रश्न परत द्या. आणि हा भाग तुमच्या त्या मित्राला पाठवा, ज्याच्या कोडमध्ये फ्लॅग१ आणि फ्लॅग२ आहेत. असा एक मित्र प्रत्येकाला असतोच!

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, लिहीत राहा.